हे पाणी कुठल्या पावसाचं, अण्णा?

अण्णा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी राग आला, रडू नंतर. आदल्याच आठवड्यात आपण फोनवर तावातावानं भांडलो होतो. माझ्या मुद्द्याला उत्तर सुचेना, तेव्हा ‘उरलेलं समोरासमोर बोलू, येताना शेंगाची चटणी आण’ म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात. चटणी मी कुटून ठेवली होती. उत्तर तुमच्याकडेच राहिलं. भांडण अर्धवट टाकून निघून जायचं, ही काय रीत झाली का?

लोक विचारतात, सुनंदाबाई, अण्णा तुमचे कोण? सात रस्त्याजवळच्या ऑफिसातून एकाच जीपनं जिल्हाभर विहिरींचं पाणी मोजत हिंडलो, असं सांगितलं की म्हणतात, हां, म्हणजे सहकारी. सहकारी तर ऑफिसात ढिगानं होते. त्यातल्या कुणाशी मी भाकरी वाळून कडक होईपर्यंत मुरमाच्या थरावरून वाद घातला? तुम्ही सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेले, मी सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीत. पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि आलं नाही की शेजारणीशी भांडायचं, एवढीच माझी अक्कल. जमिनीच्या पोटात पाणी चालतं, अडतं, कुठंतरी बसून राहतं आणि आपल्या सवडीनं बाहेर येतं, हे मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून ते वेड डोक्यातून गेलेलं नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात खडू दिलात. मला वाटलं, थट्टा करताय. टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप विहिरीत सोडायचा, वर ओढला की खडू जिथपर्यंत ओला दिसेल तिथपर्यंत पाणी. आणि मोजायचं ते कायम कठड्यावरच्या लाल खुणेपासून. त्या खुणेपासून पाणी किती खाली आहे, तेवढंच आपलं माप. इकडून मोजलं, तिकडून मोजलं, चालायचं नाही. मी वाकून म्हणाले होते, अहो, पाणी तर नुसत्या डोळ्यांनी दिसतंय की चांगलं वर आलेलं. तुम्ही म्हणालात, “विहिरीत डोळ्यावर इस्वास ठेवायचा न्हाय, सुनंदा. पाणी लई फसवतं. टेप काय म्हणतो तेवढंच खरं.” हे वाक्य मी नंतर नव्या पोरांना माझंच म्हणून खपवलं. तुम्ही ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचात.

एका वर्षी पावसाचा आकडा आदल्या वर्षाइतकाच आला आणि विहिरी मात्र रिकाम्या राहिल्या, आठवतं? मी हिशेबात चूक शोधत बसले होते. तुम्ही मला उठवून जीपमध्ये घातलंत आणि वैरागच्या बाजूला एका काळ्या रानात नेऊन उभं केलंत. उन्हाळा होता, रानाला भेगा पडलेल्या. तुम्ही एक काठी भेगेत सोडलीत, ती दिसेनाशीच झाली. म्हणालात, सुरुवातीचा पाऊस या वाटेनं सरळ खाली जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचा पाऊस वरच्या वर राहतो, नाहीतर ओढ्यानं वाहून जातो. तिथून थेट तुमच्या माळावर गेलो. तिथं माती पातळ, खाली मुरूम. मुरूम मुकाट्यानं पाणी पितो, पण त्याला हळूहळू पाजावं लागतं. तान्ह्या पोराला चमच्यानं पाजलं तर पोटात जातं, तांब्या उपडा केला तर नाकातोंडातून बाहेर येतं. जमिनीला गिळायला येळ लागतो की, असं तुम्ही म्हणालात. जिल्हा एक, पाऊस एक, आणि दोन जमिनींची तऱ्हा दोन. त्या दिवशी मला घरी जावंसंच वाटेना.

मग मी शहाणी झाले, आणि तुमच्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या.

माझ्या लक्षात आलं होतं की एखादा आठवडा नुसतं आभाळ भरून राहतं, टिपूस पडत नाही, तरी विहिरी वर येतात. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पोट धरून हसलात. म्हणजे ढग बघून विहीर भरती व्हय? मी म्हटलं, ढग बघून माणूस मोटर बंद करतो. उपसा थांबला की विहीर आपली आपण सावरते. आपण तिला पावसानंतर मोजतो आणि सगळं श्रेय पावसाला देतो. तुमचं हसू थांबलं. त्यावर तुम्ही जे घोडं दामटलंत ते शेवटपर्यंत. मोटारींचा वाटा असेल, पण खरा वाटा मुरलेल्या पावसाचा. माळावर पडलेलं पाणी मुरमातून सरकत सरकत उशिरा खाली येतं. तुम्हा चाळीतल्या लोकांना धीर नाही म्हणून ते दिसत नाही, असं तुम्ही मला सुनवायचात. मी म्हणायची, ती जुनी गोष्ट झाली. तेव्हा झड लागायची, चार-चार दिवस भुरभुर चालायची. आता पाऊस एका दुपारी धिंगाणा घालून जातो आणि मागून कडक ऊन पडतं. वर्षाचा आकडा तोच, पण पडायचे दिवस कमी. मुरायला उसंतच नाही, तर उशिरा येणार काय? तुम्ही म्हणायचात, तुझ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणायची, आताचा पाऊस तसाच तर पडतो.

या उन्हाळ्यात शेवटचं मोजलं ते तुमच्याच वस्तीवर, मारुतीच्या विहिरीवर. मारुती तुमचा धाकटा भाऊ, पण मेंढरं, रान, डाळिंबाची बाग सगळं तोच बघणारा. ही विहीर ऑफिसच्या यादीत कधीच नव्हती. तुम्हीच हौसेनं तिच्या कठड्यावर लाल रंगानं आडवी रेघ आणि बाण काढला होता, आणि निवृत्त झाल्यावर आठवड्याला तिची नाडी बघत होता. कठडा कसला, गुडघ्याएवढा दगडी कट्टा. मी त्यावर बसले की पाय नीट जमिनीला टेकायचे, आणि तुमच्यासारख्या ताडमाड माणसाचे गुडघे हनुवटीला लागायचे. मी उंट म्हणायची. त्या दिवशीही म्हटलं. तुम्ही भाकरीवर चटणी घेत म्हणालात, उंटाला निदान पाण्याची कदर असते.

तेवढ्यात मारुतीनं विषय काढला. विहीर दर उन्हाळ्यात दगा देते, बाग वाळते, तेव्हा विहिरीला लागूनच खोल बोअर घ्यायची. तुम्ही जेवता जेवता थांबलात. खालचा पाषाण फोडून बोअर गेली की विहिरीतलं आहे ते पाणीही त्या भोकातून खाली उतरेल, असं तुमचं म्हणणं. आणि ही विहीर काही एकट्या मारुतीची नाही. सगळी वस्ती तिचंच पिते, मेंढरं तिच्यावरच जगतात. मारुती म्हणाला, बाग गेल्यावर मी काय खाऊ? त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी तुम्ही म्हणालात, हस्त नक्षत्र सरेपर्यंत थांब. या पावसाचं पाणी उशिरा येईल, पण येईल. मारुतीनं माझ्याकडे बघितलं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, येणार नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या भावासमोर, तुमच्या ताटातली भाकरी खाताना मी कशाला तोंड उघडू? ते मी नंतर फोनवर उघडलं.

पुढं पावसानं माझीच बाजू घेतली. एका दुपारी तुमच्या वस्तीवर असा कोसळला की ओढ्यानं बांध फोडले, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यात पुन्हा वाळू. मग कितीतरी दिवस नुसतं ऊन. मी फोनवर म्हटलं, बघा, सगळं वाहून गेलं. तुम्ही म्हणालात, सगळं कुठं? मी म्हटलं, किती मुरलं ते सांगा, नुसतं ‘मुरलं’ म्हणू नका. आणि तुम्ही चटणीचं काढलंत. तेच आपलं शेवटचं.

दहाव्याला मी ओढ्याच्या काठावर उभी होते. भुरभुर पाऊस चालला होता, तुम्ही गेल्यापासून थांबून थांबून चाललेला. लोक पिंडाकडे बघत होते आणि मी खाली बघत होते. पायवाटेवरून पाणी वाहत नव्हतं. पडत होतं तिथंच जिरत होतं. मी चपलेनं माती उकरून बघितली, खाली चांगली बोटभर ओल. एकदम तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग आठवलं आपण कशाला आलोय ते. तेव्हा मात्र मला आवरेना. शेजारच्या बाईला वाटलं, पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून मी रडतेय.

कावळा खरंच शिवत नव्हता. कुणी काय, कुणी काय बोलून बघितलं. शेवटी मारुती पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, “अण्णा, हस्त सरंपतोर बोअर घेत न्हाय. जा आता.” आणि कावळा आला. मी बौद्ध घरातली, मला त्या कावळ्याचं काही नाही, आणि खरं तर तुम्हालाही नव्हतं. त्याला भूक लागली असंल, असं तुम्हीच म्हणाला असतात. पण मारुतीचा शब्द मी ऐकला, वस्तीनं ऐकला. निघताना वहिनींनी तुमचा टेप माझ्या हातात ठेवला. हितं आता कोण मोजणार, म्हणाल्या.

हस्त सरला तसा मारुतीचा फोन आला. बोअरची गाडी उद्या येते म्हणाला, पण अण्णाला शब्द दिलाय, तेव्हा सकाळी तुम्ही येऊन एकदा मापा. पाणी उन्हाळ्यापेक्षा वर असलं तर गाडी माघारी पाठवतो, नसलं तर माझा नाइलाज आहे. मी हो म्हटलं आणि मग घाबरले. इतकी वर्षं मी म्हणत आले की ते उशिराचं पाणी आता येत नाही. आता ते आलेलं असावं म्हणून माझाच जीव टांगणीला लागला. आपणच हरावं असं वाटायला लागलं तर माणसानं काय करायचं, हे तुम्ही कधी शिकवलं नाहीत.

गेले. विहिरीला नवा गिलावा केलेला दिसला. बरं केलं, असं मनात म्हटलं आणि माझे डोळे सवयीनं खूण शोधायला लागले. खूण होती. तीच आडवी रेघ, तोच बाण, रंग तेवढा ताजा. तो ताजा रंगच मी बघत राहिले, त्यामुळे बाकी काही बघायचं मला सुचलं नाही. खडू चोळला, टेप सोडला. वाकून बघितलं तर पाणी छान वर दिसत होतं. पण डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही ना? या खेपेला फारसं ओणवंही व्हावं लागलं नाही, कंबर दुखली नाही, याचंसुद्धा मला काही वाटलं नाही. टेप वर घेतला. उन्हाळ्यातलं आपलं माप मला पाठ होतं, त्यावरूनच तर इतकं भांडण झालं होतं. खुणेपासून पाणी त्याहून चार बोटं खालीच.

पुन्हा मोजलं. तेवढंच.

मारुतीनं खिशातून फोन काढला, गाडीवाला कुठवर आला ते विचारायला. मी त्याला थांब म्हणणार तरी कशाच्या जोरावर? तुम्हीच शिकवलेलं, टेप म्हणतो तेवढंच खरं, आणि टेप म्हणत होता की मी जिंकले. जिंकून कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. टेप गुंडाळत नेहमीसारखी मागं न बघता कठड्यावर टेकायला गेले.

कठडा माझ्या कमरेत बसला.

मी कळवळून मागं वळले. उन्हाळ्यात मी याच कट्ट्यावर पाय टेकून बसले होते. तुमचे गुडघे इथंच हनुवटीला लागले होते. मी वाकून बघितलं, मग गिलाव्यावरून हात फिरवला, आणि मारुतीला विचारलं, हा कठडा कधी उंच केला?

“तेराव्यानंतर,” तो म्हणाला. “अण्णाच्या नावानं कायतरी करावं म्हनून. मेंढरं वाकून बघत्यात, एखादं आत जायाचं. हातभर चढवून घेतला.”

“आणि खूण?”

“ती कशी पुसू दीन? गवंड्याला म्हटलं, अण्णाची खूण हाय, गिलाव्यात जाऊ दिऊ नगंस. हाय तशी वर घे.”

अण्णा, मला हसू आलं आणि रडूही. तुमच्यावरच्या मायेनं त्या माणसानं तुमची खूण हातभर वर उचलली होती. आणि मी, तुमची चेली, तुमची खूण दिसली म्हणून कठडा बघायचंच विसरले. मारुतीला आधी काही कळेना. मी त्याला दाखवलं: खूण हातभर वर गेली आणि माप मात्र चार बोटांनीच वाढलं, म्हणजे पाणी हातभराला चार बोटं कमी एवढं वर आलंय. त्यानं स्वतः टेप हातात घेतला, जमिनीपासून कठडा मोजला, विहिरीत डोकावला, पुन्हा कठडा मोजला. मग मला पाठ करून गाडीवाल्याला फोन लावला. आमच्या अण्णाचं पाणी आलंय, गाडी माघारी घे, एवढंच म्हणाला. त्याचे खांदे हलत होते.

एवढ्यानं बाग उन्हाळा काढेल का, ते मला माहीत नाही. त्यालाही मी तसंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात परत मोजू, अजून चढत असेल तर बघू, बागेला पाणी कसं पुरवून द्यायचं तेही बसून ठरवू. तो म्हणाला, अण्णाबी असंच बोलायचा.

मग मी गप्प बसायला हवं होतं, पण जित्याची खोड. मी विचारलं, मोटारी कधी बंद होत्या? मारुती म्हणाला, अण्णाच्या दिवसांत ओढ्याकाठी कुणीच मोटर लावली नाही, तुमचं सुतक अख्खी वस्ती धरून होती. पुढं झड चालली, तेव्हा कुणाला गरजच पडली नाही. आता आठवडाभर चालू आहेत.

म्हणजे बघा काय पंचाईत करून ठेवलीत. पाणी वर आलं ते त्या भुरभुर पावसाचं की थांबलेल्या मोटारींचं? की त्या एका दुपारच्या धिंगाण्यातलंच थोडं मुरमातून सरकत आत्ता पोचलंय, तुम्ही म्हणत होता तसं? ‘सगळं कुठं?’ असं तुम्ही म्हणाला होतात, ते मी विसरलेले नाही. पाऊस आणि मोटारी वेगवेगळ्या करायच्या तर एक वर्ष असं हवं की झड लागावी आणि मोटारी चालू राहाव्यात. या वर्षी नेमकं झड लागणं आणि मोटारी थांबणं एका वेळी झालं, आणि ते तुमच्या जाण्यामुळे. आपला वाद मिटायची एवढी चांगली संधी आली होती, ती तुम्हीच बिघडवलीत. आणि मोटारी थांबल्यामुळे पाणी आलं असेल, तर माझं म्हणणं खरं करायला तुम्हाला मरावं लागलं. असलं खरं मला नको होतं, अण्णा.

निघण्याआधी मी किल्लीनं बाहेरून थोडा गिलावा खरवडला. हातभर खाली तुमची जुनी लाल रेघ सापडली. मारुती म्हणाला, दोन्ही ठेवू या. मोजायचं जुनीपासूनच, नवी आपली अण्णाची म्हणून. वहिनींनी भाकरी आणून दिली. डब्यात चटणी होतीच, तीच, तुमच्यासाठी कुटलेली. उडी मारूनच नव्या कठड्यावर बसले आणि खाली पाण्याकडे बघत जेवले. पाय लोंबकळत होते, जमिनीला टेकत नव्हते. तुमचे टेकले असते.